उत्तर: पिकअपमध्ये डुकरं चढवताना

खानापूरकडच्या दादांनी विचारलंय, ८०-९० किलोची डुकरं पाय बांधून चढवावी का? नको. बांधलेलं डुक्कर धडपडून तापतं, आणि त्याला घामावाटे अंग थंड करता येत नाही. वाटेतच दगावू शकतं.

आधी डुकरं मागून हाकायला हातात धरायची फळी करा. १२ मिमी प्लायवूड, साधारण ९० बाय ७५ सेंमी, वर हात घालायला दोन खाचा. डुकराला फट दिसली की ते तिथेच मुसंडी मारतं, म्हणून फळी जमिनीला टेकवूनच पुढे सरकायचं. काठी लागतच नाही.

उताराची लांबी हौद्याच्या उंचीच्या तिप्पट हवी: हौदा ७५ सेंमी, तर उतार सव्वादोन मीटर. त्यावर २० सेंमीवर आडव्या पट्ट्या ठोका. आपल्याकडच्या पावसात लाकूड बुळबुळीत होतं, तेव्हा उसाचं पाचट पसराच. दोन्ही बाजू बंद हव्यात, नुसते बांबू बांधले तर बाहेरची हालचाल बघून डुकरं थबकतात. हौद्यात अंधार असला तरी अडतात. ताडपत्री मागे सारा.

एखादं अडलंच तर तोंडावर बादली धरा. ते मागे सरतं, शेपटीशी धरून दिशा द्या.

भरण्याआधी १२ तास खाणं बंद, पाणी चालू. पहाटेच भरा.