एआयचं भवितव्य पाच-सहा कंपन्यांच्या प्रमुखांनी ठरवावं का?

गोदाकाठ, परभणी
चॅटजीपीटी बनवणारी ओपनएआय 2015 साली ना-नफा संस्था म्हणून सुरू झाली. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टचे एक अब्ज डॉलर आले. नोव्हेंबर 2023 मध्ये संचालक मंडळानं प्रमुख सॅम ऑल्टमन यांना पदावरून काढलं, तर पाच दिवसांत ते परत आले आणि काढणाऱ्या चौघांपैकी तिघांना मंडळ सोडावं लागलं. प्रमुखाला आवर घालणं हेच ज्या मंडळाचं काम, त्याची ही गत. मग आपल्या सोयाबीनच्या येलो मोझॅक रोगावर एआयचा सल्ला कोणत्या भाषेत, कोणत्या भावात मिळायचा, हे ठरवताना आपलं कोण ऐकणार? माझ्या मते याचा पाया सरकारी पैशातून, सार्वजनिक संस्थांनी बांधावा.

जालनेकर
अजिबात पटलं नाही. आमच्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 ला महिको ही बियाणं कंपनी काढली. ते सरकारी खात्याची वाट बघत बसले असते तर संकरित बियाणं खेड्यात कधी पोचलं असतं? जोखीम घेणारा माणूस लागतो. फेसबुकवाल्या मेटानं आपलं लामा हे एआय मॉडेल डाउनलोडला खुलं केलं, त्यावर कॉलेजची पोरं प्रयोग करायलेत. हे कोणत्या खात्यानं दिलं?

पांढरं सोनं, माजलगाव
महिकोचं नाव काढलंच आहे तर पुढचंही सांगा ना. 2002 ला महिको-मोन्सँटोचा बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला, आला, फवारण्या कमी झाल्या, हे खरंच. पण 450 ग्रॅमची पिशवी सोळाशेच्या घरात होती. 2006 मध्ये आंध्र सरकार भांडलं तेव्हा ती साडेसातशेवर आली. पुढं केंद्रालाही किंमत नियंत्रण आदेश काढावा लागला. आणि 2017 ला गुलाबी बोंडअळीनं राज्यभर कापूस खाल्ला, तो बीटीच होता.

जालनेकर
म्हणजे आधी उद्योजकानं आणलं, मग सरकारनं भाव बांधला. क्रम बरोबरच आहे की! तुम्ही पीक यायच्या आधीच लगाम घालायला निघालात.

गोदाकाठ, परभणी
पिशवी इथल्या दुकानात विकली जात होती, म्हणून भाव बांधता आला. मॉडेल अमेरिकेतल्या सर्व्हरवर चालतं. उद्या त्यांनी दर वाढवले किंवा मराठी बंद केली, तर कोणत्या तहसीलदाराकडे अर्ज करायचा?

बार्शी रोड, लातूर
दोघंही ताणायलात. केंद्राचं इंडियाएआय मिशन 10,372 कोटींचं. तिकडं अमेरिकेत ओपनएआय वगैरेंच्या स्टारगेट या डेटा सेंटर प्रकल्पासाठी 500 अब्ज डॉलरची घोषणा झाली. त्या शर्यतीत आपण उतरूच नये. नंदन निलेकणी यांच्याकडून 2022 मध्ये मद्रास आयआयटीच्या एआय4भारतला 36 कोटी मिळाले, आणि तिथली भारतीय भाषांची भाषांतर मॉडेल सगळ्यांसाठी खुली आहेत. पैसा उद्योजकाचा, काम संस्थेचं. मला हा मार्ग पटतो.

गोदाकाठ, परभणी
देणगी चांगलीच, पण ती देणाऱ्याच्या मनावर. आपल्या हातात आहे ते बोलू. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ 1972 पासून इथल्या पिकांवर काम करतंय. त्या कामाच्या नोंदी कुठल्याही एआय कंपनीला द्यायच्या आधी लेखी करार हवा: त्यातून बनलेला सल्ला मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला फुकट आणि मराठीत.

जालनेकर
एवढी अट मला मान्य. फक्त करारात मुदत टाका, नाहीतर नोंदी कपाटातच राहायच्या.