मदत हवी आहे: हाताने केलेल्या पत्रिकांवर रंग पसरतोय, कोणतं माध्यम वापरू?

नमस्कार मंडळी,

भाचीचं डोहाळजेवण श्रावणात आहे. तिचं सासर गोकाकचं, घरात कन्नड. आम्ही बेळगावात शहापूरचे. म्हणून पत्रिकेत डावीकडं मराठीत डोहाळजेवण, उजवीकडं कन्नडमध्ये सीमंत, आणि पुढच्या पानावर पारिजातकाची फांदी, असं ठरलंय. बहिणीच्या अंगणात पारिजातक आहे, भाची त्याच्याखालीच खेळून मोठी झाली. छापायला टाकल्या असत्या तर दोन दिवसांत झाल्या असत्या, पण ४५ पत्रिका मी हातानं करून देणार म्हटलंय आणि मला ते मनापासून करायचंय.

अडचण रंगाची आहे. फांदीचं चित्र एकदाच काढलं, आता बाह्यरेषा सगळ्यांवर उतरवून आत रंग भरायचा. आधी घरच्या इंकजेट प्रिंटरवर रेषा छापली आणि जलरंग लावले. ब्रश टेकला आणि काळी रेषा जांभळट होऊन पाकळीत उतरली. पारिजातकाची पाकळी पांढरी, सगळी जादू त्या केशरी देठाची. पांढऱ्यातच घाण झाली तर उरलं काय?

मग खडेबाजारातून झेरॉक्स काढून आणली. झेरॉक्सवर जलरंग छान बसला, रेषा हलली नाही. पण कागद तिथलाच गुळगुळीत कार्डशीट, २५० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). दुसऱ्यांदा ओला ब्रश फिरवला की वरचा थर भुश्शासारखा सुटतो, आणि वाळल्यावर कार्ड पापडासारखं वाकतं. पाणीच नको म्हणून त्याच झेरॉक्सवर अल्कोहोल मार्कर वापरले. आता पाण्यात न हललेली ती रेषा मार्करनं विरघळली! मार्करचं टोक काळं झालं आणि पुढच्या चार पाकळ्या राखाडी. शिवाय रंग कागदाच्या मागं उतरला तो वेगळाच.

पेन्सिल कलर सगळ्यांत आज्ञाधारक निघाले. केशरीवर पिवळा, त्यावर पुन्हा केशरी, असे हलके थर दिले तर देठ खरंच उजळतो. पण एका कार्डाला पाऊण तास लागतो. रंग लवकर मिसळावा म्हणून कुठंतरी वाचून बेबी ऑइल कापसाच्या काडीनं फिरवलं. त्या दिवशी सुंदर दिसलं, दोन दिवसांनी फुलाभोवती तेलाचं वर्तुळ उमटलं. बज्जीच्या कागदावर उमटतं ना, अगदी तसं. ऑइल पेस्टल करून बघितले, पण ते पाकिटाला आतून लागतात, म्हणून सोडून दिले.

जाड जलरंगाचा कागद, ३०० जीएसएम, कोल्ड प्रेस म्हणजे खडबडीत पोताचा, थोडा आणलाय. त्यावर रंग असा बसतो की बघत राहावं. पण झेरॉक्सवाल्याच्या मशीनमधून तो जातच नाही, आणि एकदा गेला तेव्हा खडबडीत पोतावर टोनर नीट धरला नाही, नखानं खरवडला की सुटत होता. वर आमच्याकडचा आषाढ तुम्हाला माहीत आहे. आठवडाभर ऊन नाही, सकाळी लावलेला रंग संध्याकाळी हाताला गार लागतो.

तर मला एवढंच सांगा: जाड कागदावर ४५ वेळा एकसारखी, पाण्याला न हलणारी रेषा कशी उतरवू? आणि कागद न वाकता पत्रिका सरळ कशी राहील?

प्रतिसाद १

ताई, तुमची रेषा दोनदा का बिघडली ते आधी समजून घ्या, मग उत्तर सोपं आहे. इंकजेटची शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते. झेरॉक्सचा टोनर म्हणजे उष्णतेनं चिकटवलेली प्लॅस्टिकची भुकटी. तो पाण्याला दाद देत नाही, पण अल्कोहोलसारख्या द्रावकानं सुटू शकतो. म्हणून रेषा आणि रंग एकमेकांत न विरघळणारे घ्यायचे. जलरंगाखाली वॉटरप्रूफ पिगमेंट पेन किंवा पिगमेंट शाईचा (पाण्यात न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची शाई) शिक्का. डाय इंकचं (विरघळलेल्या रंगाची शाई) पॅड घेऊ नका, ते बहुधा पाण्यात पसरतं. मी तर सपाट रबर कोरून शिक्के करते, ४५ म्हणजे एका दुपारचं काम. शिक्का मारून एक रात्र सुकू द्या.

प्रतिसाद २

पत्रिका सगळी जाड कागदाची करूच नका की! चित्र वेगळ्या तुकड्यावर रंगवा आणि साध्या घडीच्या कार्डावर चिकटवा. पैसेही वाचतात. तुकडे कापण्याआधी मोठा कागद चारी बाजूंनी मास्किंग टेपनं फळीवर ताणून घ्या, पूर्ण वाळल्यावरच सोडवा. तरी वाकला तर मागून किंचित ओलं करून, दोन कोऱ्या कागदांत घालून जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवा. चिकटवताना ओला डिंक नको, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा, नाहीतर पुन्हा पाणी आणि पुन्हा पापड. आम्ही खानापूरकडं पावसाळ्यात कोरे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो.

प्रतिसाद ३

पांढऱ्या पाकळ्यांना रंग लावूच नका, कागदच पांढरा राहू द्या. पाकळीच्या मुळाशी अगदी पातळ निळसर सावली द्या आणि देठाला केशरी. शेवटी देठावर त्याच रंगाच्या पेन्सिलीची एक रेघ ओढा, जलरंग कोरडा झाल्यावरच. बेबी ऑइल मात्र कायमचं बंद करा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सपाट रबर आणि पिगमेंट पॅड आणलं, आज पहिले सहा शिक्के मारले. रात्रभर थांबले नाही, चारच तासांत पाणी लावून बघितलं, तरी पाचांची रेषा हलली नाही. सहाव्यावर पॅड जास्त दाबलं गेलं होतं, तिथं थोडी पसरली. निळसर सावलीचा सल्ला तर लाखाचा. बहिणीनं बघितलं आणि म्हणाली, हा आपल्याच दारातला.

आता एकच अडकलंय. पाकळ्यांची टोकं कोरताना रबर तुटतं, देठाजवळची बारीक रेघ तर दोनदा गेली. तुम्ही साधं कटर वापरता की लिनो (छापे करायला कोरतात ती मऊ शीट) कोरायची यू आणि व्ही आकाराची पाती?