मदत हवी आहे: लार्समन टेकड्यांचं मॉडेल

मंडळी, लेकीला शाळेच्या प्रदर्शनासाठी अंटार्क्टिकातल्या लार्समन टेकड्यांचं मॉडेल करायचंय. आपलं (भारताचं) 'भारती' संशोधन केंद्र 2012 पासून तिथंच आहे. मी आधी थर्माकोलचे पांढरेशुभ्र डोंगर केले. पोरगी म्हणाली, "बाबा, तिथं बर्फ नाही, उघडा खडक आहे!" खरंच की. प्रिड्झ उपसागराच्या काठावरचा, 69 अंश दक्षिणेचा हा बोडका पट्टा. उंची जेमतेम 180 मीटर, म्हणजे जोतिबाच्या डोंगरापुढे टेकाडच! पण तळी मात्र दीडशेच्या आसपास. आता कोल्हापुरातल्या बापट कॅम्पातून शाडू आणलाय.

अडलंय दोन ठिकाणी. शाडूत एवढी तळी कशी दाखवायची? रेझिन ओतलं तर तडकेल का?

दुसरं, नावांच्या पाट्या. 1935 मध्ये नॉर्वेच्या क्लारियस मिकेलसन या कप्तानाला या टेकड्या दिसल्या, त्यामुळं नावं बरीच तिकडची. स्टोर्नेस, ब्रोकनेस यातलं 'नेस' म्हणजे भूशिर, एवढं उमगलं. पण पाटीवर 'लार्समन' लिहू की 'लार्सेमन'? कुणी भारती केंद्रावर राहून आलेलं ओळखीत असेल तर तिथं काय म्हणतात तेवढं विचारून सांगा. प्रदर्शन शनिवारी आहे, जरा लवकर बघा.