मदत हवी आहे : क्रीडा प्रमाणपत्रावर वडिलांचे घरगुती नाव, पडताळणी कशी करून घ्यावी?

सर्वांना नमस्कार. मी एका गावातील माध्यमिक विद्यालयात क्रीडाशिक्षक आहे आणि माझ्या एका माजी विद्यार्थिनीसाठी हा धागा काढत आहे.

२०१८-१९ साली ती दहावीत असताना आमचा मुलींचा खो-खो संघ तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्या चढत १७ वर्षांखालील शालेय राज्यस्तरीय स्पर्धेत पोहोचला आणि दुसरा आला. प्रमाणपत्र क्रीडा व युवक सेवा संचालनालयाचेच आहे. त्यावर शाईने लिहिलेल्या नावात वडिलांचे नाव 'बाळू' असे आहे, तर दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ते 'बाळासाहेब' आहे. चूक माझ्या हातून झाली. प्रवेशिका मी भरली होती, आणि गावात त्यांना सगळे ज्या नावाने हाक मारतात तेच मी लिहून गेलो.

आता ती पोलीस भरतीची तयारी करत आहे. रोज पहाटे पाचला शाळेच्या मैदानावर येऊन ८०० मीटर धावण्याची वेळ लावते, मग गोळाफेकीचा सराव करते. १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयानुसार खेळाडूंसाठी असलेल्या ५ टक्के समांतर आरक्षणातून तिला अर्ज करायचा आहे. त्यासाठी प्रमाणपत्र विभागीय उपसंचालकांकडून पडताळून घ्यावे लागते. कागद दाखवले तेव्हा नावे जुळत नसल्याचे तोंडी सांगण्यात आले. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे राज्यात उघडकीस आलेली असल्यामुळे ही तपासणी काटेकोर असावी, असेच माझेही मत आहे. पण ही मुलगी खरोखर खेळलेली आहे.

आमच्याकडे शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आहे. त्या वर्षीच्या प्रवेशिकेची कार्यालयीन प्रतही सापडली असून तिच्यावर मुलीचा फोटो चिकटवलेला आहे आणि मुख्याध्यापकांचा शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर उमटलेला आहे. शिवाय याच प्रमाणपत्राच्या आधारे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत प्रस्ताव जाऊन तिला दहावीला खेळाडूंचे सवलतीचे गुण मिळाले होते. माझ्या दृष्टीने हा सर्वांत भक्कम पुरावा आहे, कारण त्या वेळी नावातील फरकावर कोणीही हरकत घेतली नव्हती.

ज्यांनी अशी दुरुस्ती करून घेतली आहे किंवा ज्यांना या कामाची माहिती आहे, त्यांनी कृपया सांगावे, की दुरुस्त प्रमाणपत्रासाठी अर्ज मुख्याध्यापकांच्या पत्रासह शाळेने करायचा, की खेळाडूने स्वतः. आणि तो जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात द्यायचा, की थेट विभागाकडे? दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे वडिलांचे प्रतिज्ञापत्र पुरते, की राजपत्रात प्रसिद्धी लागतेच? वडिलांनी नाव कधी बदललेले नाही, त्यामुळे राजपत्राचा मार्ग मला गैरलागू वाटतो, पण कोणाचा अनुभव वेगळा असल्यास जरूर लिहावा.

भरतीचा अर्ज भरण्यास अठरा दिवस उरले आहेत. मुदतीपूर्वी पडताळणीसाठी प्रकरण दाखल करून त्याची पोच घेतली आणि अहवाल नंतर आला, तर कागदपत्र तपासणीच्या वेळी ती पोच ग्राह्य धरली गेल्याचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का? सोमवारी तिला आणि तिच्या वडिलांना घेऊन मी जिल्ह्याच्या ठिकाणी जाणार आहे. त्याआधी उत्तर मिळाले तर लागणारे सगळे कागद एकाच फेरीत नेता येतील, कारण रोजंदारी बुडवून पुन्हा पुन्हा येणे त्यांना परवडणारे नाही.