पावसानंतर दाभोळ खाडीत गरी (गळ) कधी टाकावी?

खाडीकाठ
चार दिवस संततधार होती, कालपासून उघडीप आहे. खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठीचं पाणी अजून चहासारखं. आत मालदोलीच्या बाजूला लुअरला (नकली आमिषाला) काही नाही, तळाला कोळंबी लावली तर नुसते शिंगाळे मासे, आणि दर दहा मिनिटांनी लाईनवर पालापाचोळा. 8 फुटी रॉड, 30 पौंडी ब्रेड (विणलेली लाईन), 30 ग्रॅमचं गोल शिसं (वजन). जिताडा, तांबोशी या माशांसाठी किती दिवस थांबायचं? भरती धरावी की सुकती (ओहोटी)?

धोपावे_धक्का
दिवस मोजू नका, पाणी बघा. गोडं पाणी हलकं, ते वर राहतं. खारं जड, ते भरतीला तळातून आत शिरतं. त्यामुळे वरचा कचरा समुद्राकडे चाललेला असतानाच खाली शिसं चिपळूणच्या दिशेला ओढलं जातं. अशी उलटी ओढ लागली की खारं तिथवर पोचलं समजा. तांबोशी त्या तळातल्या पाण्यात शोधायची. पातळी चढतेय तरी तळाची ओढही समुद्राकडेच असेल, तर खारं मुखाकडे रेटलं गेलंय. मग मालदोली सोडून दाभोळ-धोपाव्याकडे सरका.
कोळंबी तलाववाल्यांकडे क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असतो, मिळाला तर उत्तम. नमुना तळाचा घ्या, वरचा घेऊन उपयोग नाही. चाखून मात्र बघू नका, हे लेप्टोच्या तापाचे दिवस आहेत. पायाला जखम असेल तर पाण्यातही उतरू नका.
आणि वाशिष्ठीला पाऊस थांबल्यावरही कोयनेचं अवजल (वीज करून सोडलेलं पाणी) येत असतं. बाजूच्या खाड्यांचा हिशोब इथे लावला की चुकतो.

शिसंवाला
30 ग्रॅम गोल शिसं या ओढीत घरंगळत जाऊन कातळात अडकणारच. 60 ते 80 ग्रॅमचं पिरॅमिड घ्या, रॉडला झेपतं का ते आधी बघून. शिसं मुख्य लाईनवर सरकतं ठेवा, खाली स्विव्हल (फिरती कडी), मग दीड-दोन फूट 50 पौंडी मोनो लीडर (गरीजवळचा जाड एकतारी तुकडा) आणि 5/0 मापाची सर्कल गरी (टोक आत वळलेली). लीडर पातळ नको, जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते. सर्कल गरीला झटका द्यायचा नाही. माशाला लाईन ताणू द्या, मग रील फिरवा.
समोर सरळ न फेकता प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकं फेका आणि थोडी लाईन ढिली सोडा. तिला पोट (झोल) पडलं की शिसं तळात रुततं. रॉडचं टोक उंच ठेवा, पाण्यात लाईन कमी म्हणजे पाला कमी.
शिंगाळे कमी करायचे तर मेलेली कोळंबी बंद. जिवंत कोळंबी किंवा बोटभर बोय मासा लावा.

वहाळाचं_तोंड
तांबोशीचं वरचं सगळं बरोबर, पण जिताड्यासाठी खारं शोधत बसायची गरज नाही. तो गोड्यातही मजेत असतो. मोठी नदी गढूळ असली तरी छोटे वहाळ (ओढे) उघडीप मिळाली की लवकर निवळतात. सुकतीला वहाळाचं नितळ पाणी खाडीच्या गढूळ पाण्याला मिळतं तिथे रेघ दिसते. जिताडा गढूळ बाजूला दबा धरून असतो. सुकतीचे पहिले दोन तास त्या रेघेवर. 4 इंची रबरी मासा, 14 ग्रॅम जिग हेड (शिशाचं डोकं असलेली गरी), काळा किंवा सोनेरी, अगदी सावकाश ओढायचा. पांढरी बशी दोरीला बांधून सोडा; हातभर खोलीवर दिसेनाशी होत असेल तर लुअर पेटीत ठेवा, जिवंत आमिष लावा.
मोठा जिताडा म्हणजे बहुधा मादी (तो नर म्हणून वाढतो, पुढे मादी होतो) आणि हा वीणीचा हंगाम. मोठा लागला तर सोडलेला बरा.
गुडघाभर पाण्यात उभं राहू नका. वाशिष्ठीत मगरी आहेत, पुरानंतर त्या कुठेही असतात.

खाडीकाठ
उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) जाऊ की भांगाला (अष्टमीच्या आसपासची लहान)?

धोपावे_धक्का
तांबोशीसाठी भांग. उधाणाला वरचं-खालचं पाणी घुसळतं, गाळ उठतो, ओढही दुप्पट. भांगाला थर वेगळे राहतात, तळ निवळतो. तिथीची पाऊणपट करा: अष्टमीला भरती पूर्ण साधारण 6 वाजता. हा वेळ मुखाजवळचा, मालदोलीला त्यानंतर. भरतीचा शेवटचा तास धरा.

खाडीकाठ
होडी आहे, मुखाबाहेर गेलं तर?

शिसंवाला
आत्ता नको. सुकतीचा लोंढा समोरून येणाऱ्या लाटांवर आदळतो तिथे उथळ वाळूवर लाट उभी राहते, शिवाय पुरात आलेले ओंडके पाण्याखाली अर्धे बुडून वाहत असतात.