मदत हवी आहे: वर्गाच्या ग्रुपवर पोरं बोलतच नाहीत

नागपुरात बीए दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवते. बरीच मुलं काटोल, उमरेडहून एसटीने येतात. तास संपला की बस गाठायची घाई, म्हणून चर्चा व्हॉट्सॲपवर नेली. परवा विचारलं, 'आंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात एकदम उतरली की भाव का पडतो?' घरी संत्र्याची बाग असलेली पोरंसुद्धा गप्प! नुसते अंगठे आले, आणि एक उत्तर एआयकडून जसंच्या तसं उचललेलं, ताऱ्यांच्या खुणांसकट.

पोल टाकला की मतं पडतात, पण 'का?' विचारलं की शांतता. छोटे ग्रुप केले, तिथे फक्त मीम्स फिरले (बरे होते, ते सोडा). व्हॉइस नोट चालेल म्हटलं, तरी तेच. गुण ठेवले तर कॉपी-पेस्ट वाढेल. इन्स्टाग्राम सगळ्यांकडे नाही. मुलींना आपला नंबर सगळ्यांना दिसायला नको, आणि ते रास्तच आहे.

टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, पोलही निनावी ठेवता येतो, एवढं माहीत आहे. तिकडे ग्रुप हलवल्यावर कोणाच्या वर्गातली मुलं खरंच लिहायला लागली का, आणि पहिला प्रश्न तुम्ही कसा टाकला होता?