कॅम्पर व्हॅन घेतली, पण एप्रिलच्या उकाड्यात कोकणात रात्र कशी काढायची? (मदत हवी आहे)

मंडळी, नवरा आणि मी दोघंही निवृत्त, मुक्काम पुणे. बरेच दिवस शोधाशोध करून शेवटी कॅम्पर व्हॅन घेतली. ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली, जुनी. दोघांपुरता पलंग, ओटा, सिंक, सुटं टॉयलेट, छतावर दोनशे वॅटची दोन सोलर पॅनेल.

कागदपत्रांचं कुणी विचारण्याआधीच सांगते, आरसीवर कॅम्पर व्हॅन अशीच नोंद आहे. याआधी पाहिलेली एक गाडी हिच्यापेक्षा देखणी होती, पण आत पलंग आणि आरसीवर मात्र अजून प्रवासी गाडी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे असे बदल आरटीओत नोंदवावे लागतात. विकणारा म्हणाला, "कोण बघतंय?" माझी अख्खी नोकरी विम्याच्या क्लेमच्या टेबलावर गेली आहे. कोण बघतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

चालवायची सवय होतेय. मागच्या चाकांच्या मागेही गाडी बरीच उरते, त्यामुळे वळताना शेपटी बाहेर फेकली जाते, हे नवऱ्याने मोकळ्या मैदानावर रिकामे ड्रम लावून अंगवळणी पाडून घेतलं. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवली आहे. ताम्हिणी उतरताना खालच्या गिअरवर राहायचं, सारखा ब्रेक दाबायचा नाही, हे ठरलेलं.

खरी अडचण विजेची. बॅटरी १२ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची लिथियम, म्हणजे हिशेबाने अडीच युनिट. एसी एक टनाचा. फ्रिज चालू ठेवून एसी लावला तर मध्यरात्रीच्या आत सगळं गार, म्हणजे एसी सोडून. त्यात आणखी एक त्रांगडं: गाडी सावलीत लावली की पॅनेल झोपतात, उन्हात लावली की आपण भाजून निघतो. (माडाखाली तर सावली असूनही लावायची नाही. नारळ पडला तर पॅनेलची काच गेलीच.)

नवऱ्याचं म्हणणं, दुसरी बॅटरी घेऊ. मला तो खर्च पटत नाही. गुहागर, तिथून तवसाळ-जयगड फेरीबोटीने गणपतीपुळे असा बेत आहे. तेव्हा विचारायचं असं की:

दुसरी बॅटरी घ्यावी, की छतावर पंखा बसवून भागेल? घामट हवेत नुसत्या पंख्याने झोप लागते का?

फेरीबोटीत चढताना मागचा भाग घासेल का? सांडपाण्याच्या टाकीचा कॉक अगदी मागे, खाली लोंबतोय.

आणि टॉयलेटची टाकी रिकामी कुठे करायची? हे विचारायला संकोच वाटतो, पण कुणीतरी विचारायला हवं.

गाडीवान: ताई, बॅटरी नंतर. आधी ती भरते कशी ते पाहा. दुसरी घेतलीत तरी तिच्यात वीज कुठून येणार? चारशे वॅटच्या पॅनेलमधून चांगल्या उन्हाच्या दिवशी दीड-पावणेदोन युनिट मिळाले तरी पुष्कळ. त्यातलं थोडं फ्रिज खातो. इंजिनच्या अल्टरनेटरवरून चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर आहे का? नसेल तर पैसे त्यात घाला. तीस अँपिअरचा असला तर चार तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये दीड युनिटच्या आसपास जमा होतं, आणि ढग असले तरी होतं.

एसी लावायचाच तर मुक्काम घरगुती सोयीच्या अंगणात करा आणि पंधरा अँपिअरचा प्लग मागा. विजेचे वेगळे पैसे आधीच बोलून घ्या. एक्स्टेंशनची वायर अडीच स्क्वेअर एमएमची हवी, आणि रीळ पूर्ण उलगडायचं. गुंडाळलेल्या वायरीवर एसी चालवला तर ती तापून वितळते. अर्थिंग टेस्टरने तपासल्याशिवाय प्लग लावू नका.

पंखा नक्की बसवा, आतली हवा बाहेर फेकणारा. समोरची खिडकी जाळी लावून किलकिली ठेवायची. गारवा येणार नाही, कोंदटपणा जाईल.

खाडीकाठचा: फेरीत मोठ्या गाड्या जातात, काळजी नसावी. पण ऐन ओहोटीला जाऊ नका. तेव्हा धक्क्याच्या उताराचा खालचा, शेवाळलेला भाग लागतो आणि चाक घसरतं. घासतं ते बोटीची फळी आणि उतार जिथे जुळतात तिथे. एकाने उतरून मागे उभं राहायचं, बोटीवरच्या पोरांना आधीच कॉक दाखवायचा. तिरकी घ्या म्हणाले तर तिरकी घ्या.

टॉयलेटचं: यजमानांना विचारून त्यांच्याच संडासात ओता, वर दोन बादल्या पाणी. मात्र टाकीत निळं केमिकल टाकत असाल तर आधी बंद करा. आमच्याकडे घरोघरी सेप्टिक टँक असतात, त्यातले जिवाणू त्याने मरतात. रोज रिकामी केली तर काहीच टाकावं लागत नाही.

धागाकर्ती: दोघांचे आभार. आत्ताच पाहिलं, डीसी-डीसी चार्जर नाही. नवरा हे वाचून गप्प आहे, म्हणजे बॅटरी बारगळली. कॉक आडवा वळवून वर घेता येईल का ते गॅरेजवाल्याला विचारते. छतावरच्या पंख्यासाठी पत्रा कापावा लागेल. पावसाळ्यात तिथून गळू नये म्हणून कुणी काय लावलंय? नुसतं सिलिकॉन टिकतं का?